डोमाजीभाऊंचा अंधार

आमच्या घरी येणारा माणूस आधी चपला काढतो. डोमाजीभाऊ आधी ओसरीवरचा दिवा मालवतात आणि मग चपला काढतात. दिवा आमचा, वीज आमची, ओसरीही आमचीच. पण विचारायची त्यांची पद्धत नाही. दिवा मालवला की ते अंधारात थोडा वेळ उभे राहतात, मान मागे टाकून वर बघतात आणि "हां, आता बसू," म्हणून टेकतात. पहिल्यांदा असं घडलं तेव्हा माझ्या बायकोला वाटलं, लाइन गेली. ती आतून मेणबत्ती घेऊन आली. डोमाजीभाऊंनी तीही फुंकली.

मी भातगिरणीत हिशेब लिहितो. जे मोजलं नाही ते लिहायचं नाही, ही माझी नोकरी आणि आता स्वभावही. त्यामुळे या माणसाविषयी लिहिताना माझी थोडी पंचाईत झाली आहे, कारण डोमाजीभाऊंनी आयुष्याच्या उतरत्या काळात जी वस्तू जपली ती मोजता येत नाही. ती वस्तू म्हणजे आमच्या कोसमटोल्याचा अंधार.

आमच्या भागाला झाडीपट्टी म्हणतात. धान कापून झालं, दिवाळी उरकली की इथे नाटकांचा हंगाम लागतो तो होळीपर्यंत चालतो. आज या गावाला, उद्या त्या गावाला, शेतात मंडप टाकून रात्रभर नाटक. डोमाजीभाऊ वडशाच्या एका नाटक कंपनीत लाइटवाले होते. राजवाडा असो की स्मशान, उजेड त्यांचा. वय आता साठीच्या पुढे आहे. अंगात कायम गडद निळा सदरा. का, तर "पांढरा शर्ट घालून विंगेत उभं राह्यलं का राजाच्या आधी लाइटवालाच दिसते." विंग सुटून बरीच वर्षं झाली, सदरा काही सुटला नाही. तापलेले हॅलोजन काढून-घालून त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांची टोकं गुळगुळीत झाली आहेत. त्या बोटांनी ते उकळत्या चहाचा पेला असा धरतात की चटका बघणाऱ्याला बसावा.

असा माणूस अंधाराच्या बाजूने का उभा राहिला, हे गावाला कोडं होतं. त्यांना विचारलं तर ते उलट आपल्यालाच विचारत. "बाबूजी, नाटक सुरू कराच्या आधी आमी काय करतो?"

"काय करता?"

"सारे दिवे बंद करतो. अंधार नसन तं माझा उजेड पाहीन कोन?"

दिवा हा त्यांच्या लेखी गावातला एक माणूस आहे आणि त्याला वागण्याची रीत पाहिजे. ज्याचा बल्ब डोळ्यांत घुसतो तो नागडा दिवा. ज्याचा उजेड जमिनीवर दिसतो पण बल्ब दिसत नाही तो घरंदाज. कुणाच्याही दारात नवा दिवा लागला की डोमाजीभाऊ त्याच्यासमोर उभे राहून मालकाला विचारतात, "हा कोनाले पाहून राह्यला?" मालक गोंधळतो. "रस्ता खाली आहे ना? मंग हा वर काऊन पाहून राह्यला? वर कोनी चालते काय?"

त्यावर त्यांचा उपाय ठरलेला. "दिव्याच्या डोक्यावर पदर पायजे." पदर म्हणजे तेलाचा रिकामा पिपा मधोमध कापून केलेली टोपी, बाहेरून काळी, आतून चकचकीत. ती दिव्यावर बसवली की उजेड सांडत नाही, सगळा पायाशी पडतो. पांढऱ्याफटक बल्बच्या जागी ते पिवळा लावायला सांगतात. पांढऱ्या उजेडाला ते "दवाखान्याचा उजेड" म्हणतात. "यात मानूस बिमार नसला तरी बिमार दिसते."

आमच्या ओसरीच्या दिव्याला त्यांनी पदर घातला त्या दिवशी मी हिशेबाच्या सवयीने एक प्रयोग केला. ओसरीत खुर्ची टाकून बसलं की छपराची कड आणि समोरचा कडुलिंब यांच्यामध्ये आभाळाचा एक तुकडा दिसतो. दिवा उघडा असताना त्या तुकड्यात अकरा चांदण्या होत्या. नीट मोजल्या, दोनदा मोजल्या. मग पदर बसला. मी पुन्हा मोजायला बसलो आणि पन्नासच्या पुढे माझा घोळ व्हायला लागला. जिथून सुरुवात केली तिथेच मधे आणखी निघायच्या. शेवटी मी मोजणं सोडलं. हिशेब अर्धवट सोडून उठण्याची माझ्या आयुष्यातली ती पहिली वेळ. बायको म्हणाली, "काय झालं? चेहरा का असा?" इतकी वर्षं हे डोक्यावर होतं आणि आपण चाळीस वॅटच्या बल्बमागे ते ठेवलं होतं, एवढंच मनात येत होतं. आणखी एक गोष्ट, तीही खरी म्हणून नोंदवतो: उघड्या दिव्यात फाटकाच्या पलीकडचं काहीच दिसायचं नाही. पदर घातल्यावर फाटकाबाहेरची शेणाची पाटीसुद्धा दिसायला लागली.

त्यांचं सगळंच असं यशस्वी होई असं मात्र नाही. आमच्या गल्लीत एक लग्न होतं. मंडपात मोठे फोकस लावले होते. डोमाजीभाऊ आहेर देऊन निघता निघता विंगेतल्या सफाईने एकेक फोकस खाली वाकवून गेले. कोणाच्या लक्षात आलं नाही. महिन्याभराने अल्बम आला. त्यात नवरा, नवरी, मामा, मावश्या सगळे धूसर आणि चपला मात्र लख्ख. नवरीच्या बापाने तो अल्बम घेऊन डोमाजीभाऊंचं घर गाठलं. त्यांनी चष्मा लावून सगळी पानं शांतपणे पाहिली आणि म्हणाले, "पाहा ना, एकाच्या बी पायाले ठेच लागली नाई."

चंद्राशीही त्यांचं फारसं पटत नाही. पौर्णिमेच्या आसपास ते नाराज असतात. "आजपासून सरकारी लाइट चालू," म्हणतात आणि लवकर झोपतात.

त्यांची एक सवय मात्र कुणालाही मोडता आली नाही. दिवेलागणीनंतर जरा वेळाने, कुठेही असले, काहीही चाललं असलं, तरी ते उठतात. पंगतीत भात वाढायचा असो, पंचायतीत भांडण रंगात आलेलं असो. "मले घरी जाने आहे," म्हणतात आणि जातात. घरी ते आणि त्यांच्या पत्नी सायत्राबाई, दोघंच. सायत्राबाईंची आठवण दोनेक वर्षांपासून गेली आहे. माणसं ओळखत नाहीत, बाहेर पडत नाहीत. सगळं डोमाजीभाऊच करतात. तरीही पानठेल्यावरची मंडळी तंबाखूचा खर्रा घोटत म्हणायचीच, "जा गा जा, बायको दांडा घेऊन उभी असन!" डोमाजीभाऊ हसून म्हणत, "तिचा दांडा मले पुरते."

मग हायमास्ट आला.

म्हणजे मंजूर झाला. चौकात एक उंचच उंच खांब उभा राहणार आणि त्याच्या शेंड्यावर दिव्यांचा झुबका. शेजारच्या गावात तो आधीच लागला होता आणि आमच्या पोरासोरांना त्याचा मत्सर होता. चौक म्हणजे डोमाजीभाऊंच्या कुंपणाला लागून. खांबाची जागा चुन्याने आखली तेव्हा ती फुली त्यांच्या अंगणापासून चार पावलांवर होती. लोकांनी त्यांचं अभिनंदन केलं. आता अंगणात सुई पडली तरी सापडेल, म्हणाले.

डोमाजीभाऊंना मी घाबरलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. ते माझ्याकडे आले आणि दिवा न मालवताच बसले.

"बाबूजी, माझ्या अंगनातलं आभाळ जाते."

"थोडं जाईल," मी म्हणालो.

"थोडं नाई. शेजारच्या गावात पाहून आलो. खांबाखाली उभं राहून वर पाह्यलं. काईच नाई. राख फासल्यावानी." मग उठून चपला शोधत म्हणाले, "मले ते अंगन पायजे."

आम्ही दोघे सरपंच शालूबाईंकडे गेलो. शालूबाई स्पष्ट बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "डोमाजीभाऊ, मागच्या महिन्यात बिबट्यानं दोन बकऱ्या नेल्या. बाया संध्याकाळी नाल्याकडे जातात. मी त्याइले काय सांगू? चांदण्या पाहा मनून?"

"बाई, उजेड नको कोन मनते? रस्त्यावर पायजे. पायाशी पायजे. तो खांब उजेड देते बिबट्याच्या पाठीवर नाई, आपल्या डोळ्यात. साऱ्या खांबाइच्या दिव्याले पदर घालू आनि गल्लीगल्लीत खाली उजेड पाडू."

शालूबाई हसल्या. "आमचे पदर डोक्यावरून उतरले, आता दिव्याइले घालून राह्यले काय?" पण त्यांनी ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "माझ्या एकटीच्या हातात नाई. ग्रामसभेत ठराव करा. शंभर मानसं आना, मी समोर ठेवीन."

इथेच सगळं अडलं. आमच्या ग्रामसभेला शंभर माणसं जमल्याचं मी कधी पाहिलेलं नाही. डोमाजीभाऊ घरोघर फिरले. सगळे "येतो ना" म्हणाले, आणि आमच्याकडे "येतो ना" म्हणजे काय ते सर्वांना माहीत आहे.

सभा शाळेच्या पटांगणावर होती. फाल्गुन लागायला आलेला, अमावास्या जवळ, सूर्य बुडून अंधार पडलेला. शालूबाईंनी डोकी मोजायचं काम मला दिलं. चौदा. पुन्हा मोजली, मला आणि शालूबाईंना धरून चौदाच. वाट पाहिली. एक कुत्रं आलं, ते मी धरलं नाही. शालूबाई उठल्या आणि म्हणाल्या, "डोमाजीभाऊ, सभा तहकूब करावी लागते."

"बाई, थांबा. चौदा तं चौदा. त्याइले तरी दाखवतो मी काय मनून राह्यलो ते."

एवढं बोलून ते शाळेच्या भिंतीवरच्या पेटीकडे गेले. गावातल्या सगळ्या खांबांचं बटण त्या पेटीत आहे. त्यांनी ते खाली ओढलं. गाव काळं झालं. मग, मला वाटतं त्यांनी ते विचार करून केलं नाही, हातच गेला असणार, त्यांनी शाळेची घंटा वाजवली. एकदा. मग दोनदा. मग तीनदा.

झाडीपट्टीच्या माणसाला झोपेतून उठवून विचारा: हंगामाचे दिवस, सगळीकडे अंधार, आणि तिसरी घंटा. याचा अर्थ एकच होतो.

आधी लांबून दारं उघडल्याचा आवाज आला. मग चालण्याचा. मग पळण्याचा. काखेत बसायला गोणपाटाचे बोरे, खांद्यावर चादरी, कडेवर तान्ही पोरं घेऊन कोसमटोला गाव शाळेच्या पटांगणावर येऊन आदळलं. बाया डावीकडे, माणसं उजवीकडे, पोरं पुढे. अंधारातही कुणाची जागा चुकली नाही. बोरे अंथरले गेले, जागेवरून भांडणं सुरू झाली.

"नाटक कोनतं आहे गा?"

"मालूम नाई. कंपनी नवी असन."

"सरक ना वो बाई, माझ्या पायावर बसली!"

"हिरोइन कुठची आहे? नागपूरची काय?"

"माइक काऊन नाई?"

शालूबाई अंधारात माझ्या कानाशी म्हणाल्या, "बाबूजी, मोजा. लवकर मोजा. उठून जायच्या आधी मोजा."

मी बॅटरी काढली. डोमाजीभाऊंनी ती माझ्या हातातून घेतली. "नाई, बाबूजी. डोळे अंधारात बसू द्या."

"अहो, मग मोजू कसं?"

उपाय शालूबाईंनीच काढला. त्यांनी मोठ्याने सांगितलं, की ही ग्रामसभा आहे, नाटक नाही. यावर जो ओरडा झाला तो ओसरल्यावर म्हणाल्या, आता आलाच आहात तर पहिल्या बोऱ्यापासून प्रत्येकाने आपला आकडा बोलायचा, मोठ्या माणसांनीच. आणि अंधारात मोजणी सुरू झाली. एक. दोन. तीन. कुणी दोनदा बोललं, कुणी झोपलेल्या सासऱ्याचा आकडा लावला, एक बाई लाजून बोलेचना. चाळीसला आम्ही चुकलो आणि पहिल्यापासून धरलं. मी कान देऊन ऐकत होतो. सत्तरच्या सुमारास माझ्या लक्षात आलं की आवाज खाली येत चालले आहेत. ऐंशीला आकडे कुजबुजल्यासारखे ऐकू यायला लागले. मला वाटलं, लोक कंटाळले. मी मान वर केली.

मला जे दिसलं ते लिहायचा प्रयत्न करतो. आमच्या ओसरीतून मी फक्त एक तुकडा पाहिला होता. इथे अख्खं होतं, एका कडेच्या जंगलापासून दुसऱ्या कडेच्या जंगलापर्यंत. मोजणीच्या वेळात सगळ्यांचे डोळे अंधाराला सरावले होते आणि वरचं हळूहळू उघडत गेलं होतं, त्यामुळे नेमकं केव्हा दिसायला लागलं हे कुणालाच सांगता येणार नाही. मृगाच्या तीन चांदण्या डोक्यावर होत्या. त्यांच्यामागून एक पांढुरका पट्टा शाळेच्या कौलांपर्यंत उतरला होता. मी आधी त्याला धूर समजलो. काळं म्हणून काही उरलंच नव्हतं. मी आकडे ऐकायचं विसरलो. पुढे बसलेली पोरं पालथ्या हातांवर मागे रेलली होती. खोकलासुद्धा नव्हता.

एका म्हाताऱ्याने विचारलं, "इतके होते काय हो?"

बायांच्या बाजूने उत्तर आलं, "इथीच होते ना बापा."

शेवटचा आकडा दोनशेच्या पुढे गेला. शंभर हवे होते. बाकीचे मी जादा लिहिले.

ठरावाला विरोध फार झाला नाही. झाला तो असा, की बिबट्याचं काय. त्यावर गल्लीगल्लीत खाली उजेड पाडायचं आणि नाल्याच्या वाटेवर दोन नवे दिवे लावायचं ठरलं. सगळ्या खांबांवरच्या दिव्यांना वरून झाकण, पिवळा बल्ब, उजेड जमिनीकडे. घरच्या दिव्यांनाही तोच नियम. हायमास्ट चौकात नाही, रस्त्यावरच्या धान खरेदी केंद्रापाशी, आणि त्याचंही तोंड खाली. शालूबाईंनी हात वर करायला सांगितलं आणि मग त्यांच्याच लक्षात आलं, की अंधारात हात दिसणार नाहीत. लोकांनी "हो" म्हणून आवाज दिला. मागून कोणीतरी म्हणालं, "नाटक नाई तं नाई, चहा तरी पाजा!"

मी डोमाजीभाऊंना शोधलं. ते नव्हते. मोजणी चालू असतानाच घरी निघून गेले होते, असं कळलं. ज्या ठरावासाठी हा माणूस महिनाभर गावात फिरला, त्याला तो थांबला नव्हता. मला थोडा रागच आला. निदान आपण जाऊन सांगावं म्हणून मी त्यांच्या घरी गेलो.

अंगणात दिवा नव्हता. कुंपणाशी आलो तेव्हा बोलणं ऐकू आलं म्हणून थांबलो. सायत्राबाई बाजेवर बसल्या होत्या. डोमाजीभाऊ त्यांच्यापासून लांब, पायरीच्या कडेला, परक्याच्या घरी गेलेला माणूस बसतो तसे अंग चोरून बसले होते.

"खाट निंगाली पाहा, भाऊ," सायत्राबाई ईशान्येकडे बोट दाखवून म्हणत होत्या. झाडांच्या वर सप्तर्षींचे चार तारे नुकते चढले होते, शेपटीचे तीन अजून झाडांआड होते. "चारी पाय दिसून राह्यले."

"हो बाई," डोमाजीभाऊ म्हणाले.

"चोर अजून झाडामांगं आहेत."

"किती आहेत?"

"तीन. तुमाले मालूम नाई? कोन्या गावचे तुमी?"

"इथचाच आहो."

गावातल्या कुणाला ओळखत नसल्या तरी नवऱ्याला त्या ओळखतात, असं मी धरून चाललो होतो. सगळेच धरून चालले होते. डोमाजीभाऊंनी कधी वेगळं सांगितलं नव्हतं.

"म्हातारी खाटेवर जागी आहे," त्या समजावून सांगत होत्या. दिवसभर ज्या बाईला भाकरी हातात घेतल्यावर तिचं काय करायचं ते आठवत नाही, ती एकही शब्द न अडखळता सांगत होती. "ती झोपत नाई मनून चोराइले खाट नेता येत नाई."

"तुमी बी झोपत नाई काय?"

"मी कशी झोपू? माझा मानूस नाटकात लाइट लावाले गेला. तिसरा चोर वर आला का नाटक सुटते. मंग येते तो."

"रोज येते?"

"हंगाम आहे ना, भाऊ. रोज कसा येईन? पन येतो मनून सांगून गेला."

ज्या झाडांकडे त्या बघत होत्या, त्यांच्या बरोबर पुढे ती चुन्याची फुली होती.

डोमाजीभाऊंनी मला पाहिलं. मी कुंपणाशीच उभा राहून हलक्या आवाजात म्हणालो, "झाला. ठराव झाला." त्यांनी मान हलवली. मग निळ्या सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं.

"कोन आहे?" सायत्राबाईंनी विचारलं.

"शेजारचे बाबूजी आहेत."

"त्याइले बी बसा मना."

मी आत जाऊन डोमाजीभाऊंच्या शेजारी पायरीवर बसलो. पहिला चोर झाडाच्या शेंड्याशी आला होता. सायत्राबाई काही वेळ त्याच्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी डोमाजीभाऊंकडे वळून काळजीने विचारलं, "भाऊ, तुमची घरी कोनी वाट पाहत नाई काय?"

"पाहते ना."

"मंग जा ना. बाईमानूस एकटी अंधारात बसली असन."

"जातो," डोमाजीभाऊ म्हणाले. "तिसरा निंगू द्या."